वाडीतला हिस्सा

१९८४ साली ब्रिजिटबाई बहारीनला मुलाकडे राहायला आल्या आणि दुपारच्या टीव्हीवरल्या अमेरिकन कोर्टाच्या नादाला लागल्या. इंग्रजी त्यांना निम्मंच कळायचं, पण जज दोघांचंही ऐकून घेतो, याचं त्यांना भारी कौतुक. त्या दिवशी एका बहिणीनं भावावर केस केली होती आणि अर्ध्या तासात ती जिंकलीसुद्धा. ब्रिजिटबाईंनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुलगा इलायस ऑफिसातून अदलिया भागातल्या फ्लॅटवर आला, तशा त्या म्हणाल्या, "वसईला माझ्या बापाच्या वाडीत माझाही हिस्सा आहे. तुझ्या मामावर केस करणार मी."

"आई, सख्ख्या भावाला कोर्टात खेचणार? लोक काय म्हणतील?"

"सगळी वाडी स्वतःच्या नावावर केली, तेव्हा त्यानं मला विचारलं? इतकी वर्षं गप्प बसले. आता खलास."

इलायस हात जोडून म्हणाला, "अगं, हे टीव्हीवरचं कोर्ट नव्हे. आपल्याकडे वीस-वीस वर्षं नुसत्या तारखा पडतात. तुझं वय सत्तर आहे!"

 

"मग उद्याचंच तिकीट काढ."