अकीकीचं ताट

"शिवांजली, जेव की गं," राजेश्वरीने पुन्हा विनवलं. पोरीने नव्या ताटाकडे पाहिलं, काठावर कोरलेल्या नावावर बोट ठेवलं आणि ताट लांब सारलं.

"अकीकी," ती म्हणाली.

राजेश्वरीने साधं, बिननावाचं दुसरं ताट आणलं. "अकीकीला पण वाढू?" तिने वाढलं, आणि पोर त्या दुसऱ्या ताटातलं चाटूनपुसून जेवली. पहिल्याला हात लावला नाही.

पोर सहा वर्षांची. राजेश्वरीचा नवरा राजवर्धन युगांडातल्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. तिथल्याच अनाथाश्रमातून दोघांनी तिला दत्तक घेतलं आणि औंधला आणलं. कागदावर नाव होतं ग्रेस. आल्या आल्या यमाईचं दर्शन झालं, मग बारसं करून शिवांजली नाव ठेवलं. एवढी मोठी पोर पाळण्यात मावेना, म्हणून पाटावर बसवून तिच्या कानात कुर्रर्र केलं. सगळा गाव हसला, तीच तेवढी हसली नाही. विमानातून उतरल्यापासून ती हसलीच नव्हती. मराठी कळत नव्हतं, त्यामुळे काहीही विचारलं तरी मान डोलवायची.

राजेश्वरीला दुसरं काही नको होतं. या पोरीने एकदा आपल्याला आई म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

"अकीकी कोण गं? बहीण?" तिने विचारलं. मान डोलली.

"गेली?" राजेश्वरीने आभाळाकडे हात केला. पोर बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली. मग पुन्हा मान डोलली.

राजेश्वरीने त्या दिवसापासून रोज दोन ताटं वाढायला घेतली. त्यांच्याकडची रीत असेल, आपण मोडू नये, असं तिला वाटलं. पण शिवांजलीच्या ताटातला भात तसाच वाळायचा आणि अकीकीचं ताट रिकामं व्हायचं. शिवांजली म्हणून हाक मारली तर पोर वळून बघत नसे. परसात एकटी बसून ती अकीकी, अकीकी असं पुटपुटत राही. ते ऐकून सासूबाईंच्या, हरणाबाईंच्या, अंगावर काटा यायचा.

"त्या मेलेलीनं धरलंय पोरीला. तिच्या तोंडानं तीच जेवतीया. दिवस घातल्याबिगार सुटायची न्हाई."

"आई, कागदावर बहीण न्हाई कुठं," राजवर्धन म्हणाला.

"कागदावर तिच्या आईबाचं तरी नाव हाय का रं?"

राजेश्वरी सासूला एवढंच म्हणाली, "करूया आत्याबाई. त्या लेकराला तरी कोण हाय?" परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या पोरीसाठी तिला खरोखर रडू आलं.

सगळे साताऱ्याला गेले, संगम माहुलीच्या घाटावर. अकीकीच्या नावानं पिंड ठेवला. एरवी तिथं कावळ्यांची झुंबड असते, पण त्या दिवशी एकही खाली उतरेना. राजेश्वरीने हात जोडून सांगितलं, "बाई, तुझ्या बहिणीला मी पोटच्या पोरीगत सांभाळीन." तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

पोर सगळं टक लावून बघत होती. आता तिला बरंच मराठी कळायला लागलं होतं. "हे कुणाचं?" तिने विचारलं.

हरणाबाईंनी तिला कुशीत घेतलं. "अकीकीचं, बाळा. अकीकी मेली. आता तू एकटी, आमची शिवांजली."

पोर नदीकडे बघत राहिली. मग तिने मान डोलवली.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. पोर कोरलेल्या ताटात जेवायला लागली. हाक मारली की ओ द्यायला लागली. एके सकाळी वेणी घालून घेताना ती "आई, दुखतंय" म्हणाली आणि राजेश्वरीच्या हातातून कंगवा गळून पडला. तिने त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले.

दिवाळीत राजवर्धनने आश्रमात व्हिडिओ कॉल लावला. पोरीला सांभाळणारी म्हातारी दाई पडद्यावर आली. पोर दिसताच तिने दोन्ही हात पसरले, तिचे डोळे भरून आले.

"अकीकी! अकीकी!"

पुढची भाषा कुणाला कळली नाही, पण म्हातारी पोरीकडेच बघत होती, तिलाच पुन्हा पुन्हा हाक मारत होती. राजेश्वरीने पोरीकडे पाहिलं. पोर शांत होती.

"आई, तिला सांग की," ती म्हणाली, "अकीकी मेली. आपुन तिचं दिवस घातलं."