अपक्ष बँडमास्तर

निवृत्ती खरात आमदारकीला अपक्ष उभा राहिला, तेव्हा सगळा तालुका हसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विजयी मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवणारा बँडवाला! त्याच्या भाषणात एकच मागणी असायची: तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन. त्याची बायको कौसल्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याला जायची. तोही कायम सोबत असायचा.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बाजारात त्याची सभा ठरली. "तुम्ही बोला सभेत. आजच्या दिवस मी जाते एकटी," कौसल्या म्हणाली. परतीच्या एसटीत तिने खिडकीला डोकं टेकवलं. स्टँड आल्यावर कंडक्टरने हाका मारल्या, पण ती उठलीच नाही.

निवृत्ती निवडणूक हरला. निवडून आलेल्या भाऊसाहेबांचा माणूस दारात आला. घरात सुतक, म्हणून चाचरतच बोलला, "मास्तर, मिरवणूक आहे. तुमच्याशिवाय पोरांचा सूर लागत नाही."

निवृत्ती तडक भाऊसाहेबांकडे गेला. "साहेब, मशीन आणाल ना? अजून बऱ्याच बाया जातात त्या एसटीने."

"आणू की!" गुलालाने माखलेले भाऊसाहेब म्हणाले.

हे 'आणू की' निवृत्तीने प्रत्येक निवडणुकीत ऐकलं होतं. तरीही त्याने घरी जाऊन लाल कोट चढवला आणि मिरवणुकीच्या पुढे येऊन उभा राहिला. क्लॅरिनेट ओठांना लावलं, पण आतून फुंकरच येईना.

"वाजवा की मास्तर!" मागून कोणीतरी ओरडलं.

भाऊसाहेब खूश राहावेत, दिलेला शब्द त्यांच्या लक्षात राहावा, म्हणून तो संध्याकाळपर्यंत वाजवत राहिला.