कारंज्याकाठची मावशी

"बागेत माणसं टाक," साहेब म्हणाले. बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं बनवते मी. या वेळचा टॉवर माझ्याच लहानपणीच्या गल्लीत येणार होता.

अशा चित्रांत नेहमी असतात ती कुत्रे फिरवणारी गोरी माणसं मी टाकलीच नाहीत. कारंज्याभोवती केशरी संध्याकाळ पसरवली आणि काठावर कार्मेलमावशीला बसवलं. वसईहून राजेळी केळी आणून गल्लीच्या तोंडाशी विकणारी आमची मावशी. लाल चौकड्यांचं लुगडं, अंबाड्यात अबोली, पुढ्यात टोपली. साहेबांना ती शोभेची वाटली. "मस्त, एथनिक!"

चित्र साइटभोवतीच्या पत्र्यांच्या कुंपणावर लागलं, दोन मजले उंच. मावशीची जागा त्याच पत्र्यांनी गिळली होती. तिन्हीसांजेला मी पाहायला गेले. दिव्यांच्या उजेडात चित्रातलं पाणी हलल्यासारखं वाटलं. पिकल्या केळ्यांचा वास आला, तोही चित्रातूनच आल्यासारखा. मग दिसलं, त्या कारंज्याखाली फुटपाथवर मावशी बसली होती. तेच लुगडं, तीच अबोली, तीच टोपली.

वॉचमन काठी आपटत आला. "ए मावशी, ऊठ. इथे बसायचं नाही."

मावशीने केळी पुसता पुसता वर चित्राकडे बोट दाखवलं.

"आधी तिला उठव, बाबा. मग मी उठते."