पहिलं नाव

"शोधनिबंधावर तुझं नाव नको," विभागप्रमुख साहेब म्हणाले. केबिनच्या खिडकीतल्या शोभेच्या मिरचीची चितकबरी पानं ते खिशातल्या चाकूने छाटत होते. परदेशातल्या परिषदेहून कौतुकाने आणलेलं रोपटं ते. तसली पानं इथे कुणाकडे नाहीत, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

ढोबळी मिरचीवरचा नवा विषाणू तिने शोधला होता. पानं वाटून, आरएनए काढून, त्याचं अक्षरन् अक्षर जुळवून. साहेबांचा वाटा उत्पादकांच्या शेडनेटांना भेटी देण्याचा. फोटोसाठी चाकू काढायचा, पान कापायचं, चाकू रुमालाला पुसून खिशात, की पुढची शेड. निरोगी नमुना हवा म्हणून तिच्या दादाच्या शेडमध्येही गेले होते. आता दादाची मिरची डागाळून वाकडी झाली होती. रोग उत्पादकांच्या घाणेरड्या हातांनी पसरला, असं साहेब वर्तमानपत्रांना सांगत होते. दादाचा माल व्यापारी हातात धरेनात.

नावाचं कळल्यावर दादा कडाडला, "आयत्या बिळावर नागोबा, आणि वर आम्हीच घाणेरडे? तुझं शिक्षण काय चुलीत घालायचं?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच आपलं नाव खोडलं. वर, सगळे नमुने साहेबांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चाकूने घेतले, असं वाक्यही घातलं.

श्रेयाच्या हिशेबात साहेब कच्चे नव्हते. "रोग दिसण्याआधीच मी प्रत्येक शेडमध्ये पोचलो होतो, तेही घाल."

तिने तेही घातलं. उत्पादकांच्या सभेत साहेब हे सगळं पडद्यावर मांडणार होते. त्याआधी चित्रं एकदा नजरेखालून घालता का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, आता तू मला शिकवणार?

"शेवटी काय आहे, तेवढं सांग."

"विषाणूचा वंशवृक्ष, सर. कुठून निघाला, कुठे गेला."

"छान. मोठ्याने वाचतो."

सभेला सगळे उत्पादक आले होते. दादा पुढच्याच रांगेत, हाताची घडी घालून. साहेबांनी घाणेरड्या हातांवर मनसोक्त तोंडसुख घेतलं आणि पडद्यावर वंशवृक्ष आणला. फांद्यांच्या टोकांना एकेक शेड, बरोबर त्यांच्या भेटींच्या क्रमाने. दादाची सगळ्यात शेवटी. टोकाकडून वाचत वाचत ते बुंध्याशी आले.

"आणि सगळ्यात जुना, मूळ नमुना," साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "विभागप्रमुखांच्या केबिनमधली, खिडकीतली कुंडी."