पिवळी नजर

"वेणू, लग्नात तरी त्या पिवळ्या चकत्या नकोत गं, फोटोत मांजरीसारखी दिसशील," म्हणत मावशीने तिच्या डोळ्यांत नितळ चकत्या बसवल्या.

काचेच्या भट्टीने डोळे नेल्यापासून वेणू डोळ्यांच्या जागी बसवायच्या पिवळ्या चकत्यांनी बघायची. भट्टीपुढे नितळ चकत्याही तेवढीच धग सोसत. पण ज्या रेणूंच्या जोडणीने पिवळेपणा यायचा, तिच्यातूनच उजेडाची वीज वाहायची. रंग गेला की नजरही गेली.

अंतरपाटाआड ती काळोखात उभी होती. पलीकडे श्रीरंग खाकरला. शेवटचं मंगलाष्टक सुरू होताच तिने नितळ चकत्या उतरवल्या आणि कनवटीच्या पिवळ्या काढून डोळ्यांत बसवल्या.

"अगं, फोटो!"

"फोटो तुम्ही बघा, मावशी. मला त्याला बघायचंय."

अंतरपाट सरला. श्रीरंगच्या कानामागे हळद तशीच राहिली होती.