समोरच्यांचा बाक

हार्लन बेक वरच्या कोपऱ्यातून उठला, पायऱ्या उतरला आणि थेट मार्लिसच्या शेजारी येऊन बसला, तशी ती सावरून बसली. कॉलेजच्या आइस हॉकी सामन्यांना व्यावसायिक संघांचे पारखी कोपऱ्यात बसतात, खेळाडूंच्या आया मधल्या रांगांत. पारखी आपणहून आईकडे आला, म्हणजे पोरगं जवळजवळ पसंत आहे आणि आता घराणं बघायचं राहिलंय, हे ड्युलूथ शहरात शेंबड्या पोरालाही कळतं.

"तोंडाला कुलूप लाव," निघताना नवऱ्याने बजावलं होतं. "आया बोलल्या की पोरांचा भाव उतरतो."

"मार्लिसबाई, आमच्या साहेबांना एमेट आवडलाय," हार्लन म्हणाला. "बचावात त्याच्यासारखा पोरगा सगळ्या कॉलेजांत नाही. एकच नडतंय. फार गरीब आहे हो. नुसती गाय. आमच्याकडे थोडा माज लागतो."

"लहानपणापासून तसाच आहे," मार्लिस बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

व्यावसायिक संघ दर जूनमध्ये नवी पोरं निवडतात; त्यात एमेटचं नाव पुकारलं जायचं तर ते यंदाच. पुढच्या वर्षी निवडीचं वय उलटणार होतं. बर्फावर उभं राहता येऊ लागल्यापासून या पोराने दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आपल्या एका वाक्याने त्यावर पाणी पडलं, असं वाटून ती थर्मासचं झाकण उगाच पिळत राहिली.

तेवढ्यात खाली धडाका झाला. एमेट काठीने चकती ढकलत कोपऱ्यातून वळत होता आणि समोरच्या संघातल्या एका धिप्पाड गड्याने त्याला कडेच्या काचेवर आपटलं. डोकं काचेवर आदळलं. मार्लिस उभी राहिली. एमेट गुडघ्यावर आला, उठला, काठी उचलली आणि बाकाकडे निघाला; या खेळात मिनिटभर पळालं की गडी बाकावर येतो, दुसरा उतरतो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

पण तो गेला समोरच्या संघाच्या बाकाकडे. बाकापुढच्या फळीतलं दार उघडून आत पाय टाकणार, एवढ्यात तिथल्या पोरांनी एकच गिल्ला केला. कुणी त्याच्यावर पाणी उडवलं, कुणी सरकून "या, बसा जावईबापू!" म्हणून जागा करून दिली. एमेट दाराला धरून क्षणभर उभा राहिला. मग त्याने हात वर केला आणि सावकाश आपल्या बाकाकडे परतला. सगळी रिंक हसून लोटपोट झाली.

हार्लनने मांडीवर थाप मारली. "बघितलंत? आपटलं त्यांनी, आणि हा त्यांच्याच घरात जाऊन वाकुल्या दाखवून आला! अहो, गाय कुठली, चांगला बेरकी आहे की! लपवून ठेवला होतात होय हा गुण?"

मार्लिस हसली. ओठ ताणून, पाहुण्यांसमोर हसतात तसं. एमेटने जन्मात कुणाची टर उडवली नव्हती. आपल्याला पाडणाऱ्या पोरालाच 'लागलं का रे?' म्हणून विचारणारा तो मुलगा. तो तिथे वाकुल्या दाखवायला गेला नव्हता. तो तिथे बसायला गेला होता.

मला उगाच वाटतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. मी काय डॉक्टर आहे?

एमेटची पुन्हा उतरायची पाळी आली. तो फळीवरून उडी टाकून बर्फावर उतरला आणि तिने त्याला उतरू दिलं. ते अख्खं मिनिट तिने थर्मास छातीशी धरून काढलं. धिप्पाड गडी दोनदा त्याच्या अंगावर धावून गेला, दोनदा हुकला. एमेटने चकती आपल्या गोलापासून साफ दूर नेली आणि बाकावर परत येऊन टेकला. काही झालं नाही. नुसत्या नशिबाने काही झालं नाही, हे तिला कळत होतं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

हार्लनने खिशातून फोन काढला. "साहेबांना सांगतो. निवडीच्या पहिल्याच फेरीत घ्या म्हणावं. तुमचं अभिनंदन आत्ताच करून ठेवू का?"

"ती चेष्टा नव्हती," मार्लिस म्हणाली.

"काय?"

"त्याला चेष्टा करता येत नाही. त्याचा बाक चुकला."

हार्लनचा अंगठा फोनवर थांबला. बर्फावर त्याचं आयुष्य गेलं होतं, डोक्याला मार लागलेल्या गड्याला आपला बाक सापडत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. "बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही कोणाला काय सांगताय, कळतंय ना? हे मी ऐकलं, आता विसरता यायचं नाही मला."

"कळतंय हो," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. मध्येच तिचा तोल गेला, कुणाची तरी लाह्यांची पिशवी सांडली, मागून शिव्या आल्या.

बाकामागच्या काचेवर तिने दोन्ही मुठी आपटल्या. प्रशिक्षकाने 'आल्या मातोश्री' अशा नजरेने पाहिलं. पण संघाची फिजिओ जवळ आली, तिने काचेच्या फटीतून ऐकून घेतलं आणि एमेटसमोर उकिडवी बसली.

"आज समोर कोण आहे रे?"

एमेटने बराच विचार केला. मग मान वळवून तो समोरच्या पोरांच्या जर्सीवरचं नाव वाचू लागला.

फिजिओने त्याचं हेल्मेट काढलं आणि स्वतःच्या बगलेत मारलं. हेल्मेट तिच्याकडे गेलं की त्या गड्याचा सामना संपला, ते प्रशिक्षकालासुद्धा परत मिळत नाही. एमेटच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काचेपाशी आला, आईवर तो आयुष्यात प्रथमच ओरडत होता.

"आई, काय केलंस तू हे? वर पारखी बसलेत! ते बघतायत!"

"बघू देत," मार्लिस म्हणाली. "तू माझ्याकडे बघ."