आधी आग, मग बाकी सगळं

“बाबा, घोळ झाला,” मुलगी म्हणाली आणि तिने हातातलं पेंडंट त्यांच्या अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यावरच ठेवलं.

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. चांदीचं पान, त्यावर अक्रोडाच्या लाकडाची चकती, चकतीत बसवलेला निळ्या बशीचा तुकडा आणि वरून काचेसारखं चकचकीत रेझिन. मुलीचे हे नवे उद्योग वर्षभर चालू होते. तांब्यात बाटलीची काच, चांदीत चामडं, एकदा तर जुन्या जाकिटाची अख्खी चेन. “दागिने घडवतेयस की अडगळ आवरतेयस?” असं बाबा दर वेळी विचारत. ही निळी बशी मात्र त्यांच्या ओळखीची होती. गेल्याच आठवड्यात त्यांच्याच हातून ती फुटली होती, स्वयंपाकघरात नको तिथे मदत करताना.

गेले चार महिने ते नको तिथेच मदत करत होते. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून सांगितलं होतं, बर्नर नाही, तेजाब नाही, धूर नाही. चाळीस वर्षं ज्योतीसमोर काढलेल्या माणसाने त्याच दिवशी दुकानाची किल्ली मुलीच्या हातात दिली. “नुसतं बसायला तरी या,” ती दर सोमवारी म्हणायची. “आग बंद, कारागीर बंद,” एवढंच बोलून ते आईची भांडी उंचीप्रमाणे लावायला जायचे. आईला ती पुन्हा हाताशी लावून घ्यावी लागत. बाबांची जेवणावरची वासना उडाली होती, आवाज बारीक झाला होता. काम करताना सतत शीळ घालणारा माणूस आता घड्याळाकडे बघत बसायचा.

“याचा मागचा पत्रा कुठाय?” बाबांनी पेंडंट उलटं केलं.

“हा काय, माझ्या हातात. कडी याच्यावर आहे. डाख द्यायचाच विसरले.”

“विसरलीस?”

डाख म्हणजे आगीवर वितळवून भरलेला सांधा. तो सगळ्यात आधी व्हायला हवा. आता ज्योत दाखवली, तर लाकूड करपणार, रेझिन जळणार आणि बशी तडकणार. दुकानाच्या भिंतीवर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक ओळ होती: आधी आग, मग बाकी सगळं. मुलगी अक्षरं ओळखायला शिकली तीच त्या ओळीवरून.

“गाण्याच्या बाई पाच वाजता न्यायला येतायत,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “आज त्यांचा कार्यक्रम आहे.”

“अक्कल गहाण टाकली होतीस का?” बाबा इतक्या जोरात ओरडले की आई हातातला झारा घेऊन बाहेर आली. चार महिन्यांत असा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. “चल, ऊठ! बघत काय बसलीस?”

ते निघालेसुद्धा. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात आईची.

“अहो, जेवण?”

“आल्यावर!”

आईने त्यांना थांबवलं नाही. ती आत गेली आणि आपली भांडी आपल्या जागी लावू लागली.

दुकानात शिरताच मुलगी बर्नरच्या आडवी उभी राहिली. “याला हात लावायचा नाही हं, बाबा.”

“तुझ्या बर्नरला विचारतंय कोण? चांदीची तार दे. जाड. आणि माझी छोटी हातोडी.”

जिथे आग चालत नाही, तिथे रिव्हेट. उमेदवारीच्या दिवसांत त्यांना हे काम शिकवलं होतं आणि पुढे ज्योत हाताशी असल्यामुळे त्याची कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी मागचा पत्रा पानाला लावला. पानाच्या कडेने चार भोकं होती, पत्र्यालाही नेमकी तिथेच चार. तार आरपार गेली. बाबांनी तिची दोन्हीकडची टोकं जरा लांब ठेवून कापली, पेंडंट ऐरणीवर धरलं आणि ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. टोक पसरून त्याची इवलीशी टोपी झाली. एक झालं. दोन झाली. तिसरं होता होता त्यांच्या ओठांतून शीळ फुटली. त्यांना ते कळलंही नाही. मुलगी कानस शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी राहिली आणि तिने डोळे पुसले.

चौथं भोक चकतीला खेटून, बशीच्या तुकड्याच्या अगदी जवळ होतं. शीळ थांबली. बाबांनी श्वास रोखला आणि नुसत्या मनगटाने हलके हलके घाव घातले. घावाचा आवाज बदलला, तसा हात थांबला. बशी शाबूत होती.

“जमलं!” ते लहान मुलासारखे ओरडले. मग सवयीने खोकले, आणि खोकता खोकता हसले.

गाण्याच्या बाईंनी आरशासमोर पेंडंट गळ्यात घातलं. बोटाने चाचपून म्हणाल्या, “आणि हे चार ठिपके काय गोड दिसतायत!”

“ठिपके नाहीत हो, सांधे आहेत,” बाबा म्हणाले. आज त्यांना छाती फुगवायला कुठलाही त्रास होत नव्हता.

बाई गेल्या. बाबांनी हातोडी पुसली, पण खणात ठेवली नाही. आपल्या जुन्या स्टुलासमोर, हाताला सहज सापडेल अशी ठेवली. दारात त्यांना पायांतल्या दोन तऱ्हेच्या चपला दिसल्या. मुलगी कुलूप लावत होती.

“ऐक,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी विसरशील, तेव्हा भोकं आधीच पाडून ठेवू नकोस. ती माझी मी पाडीन.”